पाव्हण्यांना काय सांगायचं?

आमच्या धाराशिवात नळ आला की गप्पांनाही पाणी येतं. शनिवारी सकाळी मी पाइप धरून उभी होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून मामींनी पदर खोचत हाक दिली.

"व्हय गं, रातच्याला झोप तरी लागली का तुला? आमच्या भाच्याचं तीनपर्यंत टुक-टुक चालू व्हतं."

भाचा पुण्याहून आलाय, घरूनच नोकरी करतो. दिवस मावळला की गिटार कम्प्युटरला जोडून बसतो. तारेवर एकदा बोट मारतो आणि तोच सूर आतून कधी उलटा, कधी चिरका होऊन परत येत राहतो. परवा तर तारांवर चमचा घासत होता म्हणे.

"चमचा कुठला, माजी वरणाची पळी नेली! बरं, ते बी ऱ्हाऊ दे. तुळजापूरचं स्थळ आलं व्हतं ना?"

खरं दुखणं इथं होतं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, नोकरी सोडून मुलाला आणखी कशाचा नाद? मामा सरळ बोलून गेले, "कम्प्युटरवर गिटार वाजवतो." पाव्हण्यांनी चहा घेतला, पण पेढ्याला हात लावला नाही.

"कुंथलगिरीचा पेढा गं!" मामी म्हणाल्या. नकारापेक्षा त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं.

मी म्हटलं, "मामी, चरणजितसिंग हे नाव ऐकलंय?"

"कुठलं पाव्हणं?"

"मुंबईचे. 'दम मारो दम' ऐकलंय ना?"

"ऐकलंय म्हंजे? आमच्या वरातीत बँडवाल्यानं तेच धरलं व्हतं. सासऱ्यानं बंद पाडलं."

1971 च्या त्या गाण्यात ट्रान्झिकॉर्ड वाजतं, दिसायला अकॉर्डियनसारखं, पण विजेवर चालणारं. ते वाजवणारे चरणजितसिंग. एरवी गिटार, बेस गिटार, हवी ती पेटी. मुंबईच्या स्टुडिओत संगीतकार सांगेल ते वाजवायचं आणि घरी जायचं. तबकडीवर नाव गायकाचं नि संगीतकाराचं. स्वतःच्या नावावर काय, तर सिनेमाच्या गाण्यांच्या वाद्यावर वाजवलेल्या चाली. निम्मं आयुष्य असं दुसऱ्यांच्या गाण्यात गेलं.

मग 1982 मध्ये त्यांच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. सिंगापूरहून आणलेली रोलंड कंपनीची जपानी यंत्रं त्यांनी एकमेकांना जोडली. ठेक्याला टीआर-808, खालच्या सुराला टीबी-303, वरून राग वाजवायला ज्युपिटर-8. तबला बंद, डिस्कोचा ठेका चालू, आणि त्यावर भैरवी, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग. एचएमव्हीनं तबकडी काढली.

मला यात ते 303 फार आवडतं. एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून ते काढलेलं. सूर आधीच बटणं दाबून भरून ठेवायचे, मग ते आपलं आपण वाजत राहतं. घरं सोळा. तीनतालाच्या मात्राही सोळाच. योगायोग असेल, पण आपल्या माणसाच्या हाताला तो बरा सापडला. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची त्यात सोय आहे. जपान्यांनी ती कशासाठी ठेवली ते असो, चरणजितसिंगांच्या हाती तिची मींड झाली.

"खपली का मग तबकडी?" मामींनी मुद्द्याचं विचारलं.

"कुठली खपतेय! रागवाल्यांना ती डिस्को वाटली आणि डिस्कोवाल्यांना राग."

"बघ! मी काय म्हन्ते?"

"थांबा तरी. ते 303 सुद्धा कुठं चाललं होतं? खऱ्या बेससारखं वाजेना, म्हणून 1984 मध्ये कंपनीनंच बंद केलं. मग जुन्या बाजारात स्वस्त झालेलं ते यंत्र अमेरिकेत शिकागोच्या पोरांच्या हाती लागलं. त्यांनी खुंट्या पिळून पिळून त्याला रडवलं. 1987 मध्ये फ्यूचर नावाच्या त्रिकुटाची तबकडी आली, आणि त्या नाचाच्या संगीताला ॲसिड हाउस म्हणू लागले. तसाच आवाज मुंबईत पाच वर्षं आधी निघाला होता."

पहिला कोण, या भांडणात मला रस नाही. शिकागोच्या पोरांना आपली तबकडी ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. पण 2002 मध्ये जुन्या तबकड्या हुडकत फिरणाऱ्या एका डच माणसाला, एडो बाउमनला, ती दिल्लीत मिळाली. त्यानं चरणजितसिंगांना गाठलं आणि 2010 मध्ये ती पुन्हा काढली. सत्तरी ओलांडलेला माणूस मग युरोपात जाऊन तेच राग वाजवू लागला, समोर नातवंडांच्या वयाची पोरं नाचतायत. 2015 च्या जुलैत ते मुंबईत वारले.

"मधली अठ्ठावीस वरसं काय खाल्लं त्यानं?" मामी.

"काम करून खाल्लं की. वाजवायचं थोडंच सोडलं होतं?"

मी फोन भिंतीवर ठेवला आणि भैरवी लावली. मामींनी बादली खाली ठेवली. ठेका सुरू झाला तशी त्यांची मान हलली. गोंधळाला बसलेली बाई हलवते, तशीच.

"हा तर संबळच हाय की. विजेवरचा." जरा वेळानं, "आन् हे बघ, सूर कसा घसारतोय. सनईवानी."

एवढ्यात घरातून भाचा पेंगुळलेला बाहेर आला, भिंतीजवळ थबकला. "मामी, हे तुम्ही ऐकताय?"

"तू पळी आन आदी," मामी म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, "आता त्या पाव्हण्यास्नी काय सांगू गं?"

"सांगा, मुलगा कम्प्युटरमध्ये आहे."

"व्हय की! खोटं बी न्हाई."

तेवढ्यात पाइप फुरफुरला. नळ गेला होता.