आधी छप्पर, मग स्मार्ट बोर्ड

एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटायच्या आधीचा शेवटचा तास. विदर्भातला कुठलाही पत्र्याचा वर्ग निवडा. साहेबांनी तिथे पाऊण तास बसावं. फोटो काढू नयेत, सूचना देऊ नयेत. पोरांच्या शेजारी सतरंजीवर बसून भागाकाराची दहा गणितं सोडवावीत आणि मगच शाळांच्या गुणवत्तेची बैठक बोलवावी.

२०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या. त्या दिवसांत चंद्रपूर-अकोल्यात पारा कुठे असतो, हे ठाऊक नव्हतं असं कुणीही म्हणू नये. शिक्षक सांगत होते. सकाळची शाळा ठेवली की उन्हाचा प्रश्न मिटला, हा समज आता सोडा. पत्रा तापायला दहा वाजले तरी पुरतात. स्लॅबचं दुखणं वेगळं. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ते आत सोडत राहतं, म्हणून सकाळी सातला कुलूप काढलं तरी वर्गातून ऊबच बाहेर येते.

जुन्या शाळा अशा नव्हत्या. जाड दगडी भिंती, उंच आढं, कौलं, पुढे पडवी, वर झरोके. तापलेली हवा कौलांच्या फटींतून आपसूक निघून जायची. माकडं कौलं फोडतात, लाकूड महागलं, शाकारणारा माणूस मिळत नाही, ही कारणं खरी आहेत. पण कौलं उतरवून पत्रे चढवले, तेव्हा त्याखाली छत घालायला कुणी अडवलं होतं? कबुतरं येतात म्हणून झरोके विटांनी बुजवले. तिथे जाळी लावायची होती! कोंडलेल्या हवेत चाळीस मुलं बसवून वर पट कमी का होतो, असं विचारायचं.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. शाळेची इमारत कशी असावी ते त्याच्या परिशिष्टात दिलं आहे. शिक्षकामागे किमान एक खोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पाणी, कुंपण, आणि इमारत सर्व ऋतूंत वापरता येईल अशी. आपण ऋतू एकच मोजला. पावसात गळत नाही ना, झालं.

उन्हानं अभ्यासात खरंच फरक पडतो का, असं विचारणारेही भेटतात. जोशुआ गुडमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत याचा अभ्यास केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एसी नसलेल्या शाळांत वर्ष एका फॅरनहाइट अंशानं जास्त तापलं, तर त्या वर्षीच्या शिक्षणातला सुमारे एक टक्का वाया जातो. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचं नुकसान गोऱ्या मुलांपेक्षा जास्त. आपल्याकडे एसी वर्गातलं मूल आणि पत्र्याखालचं मूल शिष्यवृत्तीची एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. तेव्हा निकालाच्या याद्या वाचताना डोक्यावरचं छप्परही बघा.

आणि सगळीकडे एसी बसवा, असं मी अजिबात म्हणत नाही. छताला उन्हाळ्याआधी पांढरा परावर्तक रंग लावा. स्लॅबवर साधा चुनासुद्धा चालतो, पत्र्यावर तो टिकत नाही. वर्गाचं तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरतं. धुळीनं रंग मळतो, पावसात उतरतो, म्हणून तो एकदाच लावून भागत नाही, ही अट मान्य करूनच खर्च धरा. पत्र्याखाली बांबूची चटई किंवा फॉल्स सीलिंग. पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा, पलीकडे कडुनिंब. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण करून सरकारी इमारतींना ती सक्तीची केली. तिथलं ऊन विदर्भाच्या सीमेवर थांबत नाही, मग धोरण का थांबतं?

यानंतर पंखे. तापलेल्या पत्र्याखाली पंखा वरचा उकाडाच खाली ढकलतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. साधा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा सुमारे ३०. जुनी ट्यूब ४० वॉटची, एलईडी २० ची. एका वर्गात चार पंखे आणि चार ट्यूब धरल्या तर ४६० वॉटचे २०० होतात. सात वर्गांच्या शाळेत रोज सहा तास ते चालले, तर दिवसाला सुमारे ११ युनिट वाचतात. सौर पॅनल जरूर बसवा, पण गरज निम्मी झाल्यावर. मग पॅनलही निम्मेच लागतील. आणि बिल थकलं म्हणून ज्या शाळांची वीजजोडणीच तोडली आहे, त्यांच्या हातात छत आणि खिडकी एवढंच उरतं. चुन्याला मीटर लागत नाही.

पैसा कुठून आणायचा? तीस मुलांपर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त अनुदान वर्षाला १०,००० रुपये मिळतं. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळं त्यातच. शंभर मुलांपर्यंत २५,०००. यातून मुख्याध्यापकानं छत रंगवावं ही अपेक्षा निर्दय आहे. गावोगावी वर्गणी काढून गुरुजी रंग आणतात, त्यांचे सत्कार होतात आणि प्रशासन सुटतं. सत्कार पुरे. जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पात शाळांच्या छतासाठी वेगळं लेखाशीर्ष हवं. त्याचे पैसे डिसेंबरात शाळेच्या खात्यावर पडले पाहिजेत, मार्चअखेरीला नाही, कारण रंग फेब्रुवारीत लागायचा आहे.