पाण्यात उतरला की भाव चढतो

इंग्लंडातल्या मेंडिपच्या गुहांत चिखलातून सरपटत पाण्यात बुडी मारणाऱ्यांनी अरुंद फटीत शिरता यावं म्हणून हवेच्या टाक्या पाठीवरून कमरेला आणल्या. शुद्ध जुगाड. आता त्याला साइडमाउंट म्हणतात आणि पट्टे काचेच्या कपाटात असतात. खरं तर हार्डवेअरच्या दुकानातला स्टीलचा होज क्लॅम्प, त्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, एक बोल्ट स्नॅप (स्प्रिंगची कडी) नि वीतभर दोरी, एवढ्यावर टाकीचा खालचा भाग अडकवायचं काम भागतं. स्नॅप दोरीनेच बांधायचा (तारेने आवळणाऱ्या हुशारांना लांबूनच नमस्कार!), म्हणजे अडकला तर दोरी सुरीने कापता येते. तोच क्लॅम्प ‘टेक्निकल’ लेबल लावून आला की मात्र डायव्हर घासाघीससुद्धा करत नाही. पण क्लॅम्प कितीही महाग असो, अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की तिचं बूड वर तरंगू लागतं. पावती दाखवली तरी ऐकत नाही.