जिन्याखालचे फोरमन

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला आणि आमच्या मुलखाला यंत्रांचा नाद लागला. सांगली-साताऱ्याकडे म्हणूनच गल्लीआड एक निवृत्त फोरमन सापडतो. नोकरी संपली की त्याचा कारखाना जिन्याखाली सुरू होतो.

आमच्या शेजारचे काका त्यातलेच. मे महिन्यात नातवाच्या कॅरमची एक काळी सोंगटी हरवली. "नवा सेट आणा की," काकू म्हणाल्या. इथंच चुकलं. "विकत काय, कुणीही आणतंय!" म्हणत काकांनी व्हर्नियर काढला, उरलेल्या अठराही सोंगट्या मोजल्या आणि एकही धड गोल नाही, असा निकाल दिला.

लाकूड घरचंच. २०१९ च्या पुरात भिजलेल्या दाराचं सागवान त्यांनी 'कृष्णामाईनं सीझन केलेलं' म्हणून जपून ठेवलंय. ड्रिलला बत्तीस मिलिमीटरचा होल सॉ लावला, चकती निघाली अठ्ठावीसची! होल सॉवरचं माप भोकाचं असतं, पात्याची जाडी चकतीतून जाते. हे काकांना ठाऊक होतं, पण आधी मी बोललो, त्यामुळे ते चूक ठरलं. वर मधोमध पायलट ड्रिलचं भोक. नातू म्हणाला, "आजोबा, बटण झकास झालंय."

साताऱ्याच्या साडूंना फोन गेला. तेही याच पंथाचे. "अहो, पायलट काढा. प्लायला भोक पाडून ती वर क्लॅम्प करा, मग करवत नाचत नाही." काकांनी हा सल्ला धुडकावला आणि दार लावून घेऊन अगदी तसंच केलं.

मोठ्या होल सॉनं अखेर एकतीसची बिनभोकाची चकती निघाली. काका ती घेऊन थेट सराफ कट्ट्यावर! सोन्याच्या काट्यावर भरली चार ग्रॅम. नियमाला पाच ते साडेपाच लागतात. सागवान हलकं पडलं.

पुन्हा सातारा. "शिसवी घ्या," साडू म्हणाले, "आणि चकत्या कापत बसू नका. गोल दांडा लेथवर मापात आणा आणि काकडीसारखे काप पाडा."

शिसवी, गोल, सोंगटीहून जरा जाड दांडा. काकांची नजर सावकाश स्वयंपाकघराकडे वळली.

नातू सध्या शर्टाच्या काळ्या बटणावर खेळतोय. काकूंचं लाटणं आमच्याकडे तांदळाच्या डब्यात आहे. काकांनी विचारलं तर तुम्हाला काही माहीत नाही.