काका आप्त, पण आप्त नव्हेत

मागच्या आठवड्यात तत्त्वज्ञान घेतलेल्या सात-आठ मुलामुलींबरोबर कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसलो होतो. परीक्षा तोंडावर आलेली, चहाच्या कपांमध्ये झेरॉक्स नोट्स पसरलेल्या. विषय न्यायदर्शनातली प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याची साधनं. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. व्याख्या पाठ करा आणि मार्क घ्या, असं चाललं होतं.

तेवढ्यात एकीचा मोबाइल वाजला. घरच्या ग्रुपवर काकांनी व्हिडिओ टाकला होता, कुठल्याशा गावात मुलं पळवणारी टोळी पकडल्याचा. वर दुहेरी बाण, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलेला.

‘‘व्हिडिओ दिसतोय, म्हणजे प्रत्यक्षच झालं की,’’ शेजारचा मुलगा म्हणाला.

तिने स्क्रीनवर नखाने टकटक केलं. ‘‘माझ्या डोळ्यांचा संबंध आला तो या काचेशी. त्या गावाशी कुठे आला? हे फार तर शब्दप्रमाण. आणि शब्द आप्ताचा लागतो. मग यात आप्त कोण?’’

सगळे गप्प झाले. मला तर त्या क्षणी उठून तिची पाठ थोपटावीशी वाटली.

आपली गफलत नेमकी इथे होते. मराठीत आप्त म्हणजे नातलग. न्यायशास्त्रात आप्त म्हणजे ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन पुढे बजावतो की ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, कसोटी सगळ्यांना एकच. नात्याचा त्यात संबंध नाही. काका प्रेमळ असतील, पण त्यांनी काही पाहिलेलं नाही, नुसतं पुढे ढकललं आहे. आपण मात्र काकांवरच्या मायेपोटी फॉरवर्डला आप्तवाक्य करून टाकतो.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्यांच्या आधी गावात पोचली होती ती मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ ही खूण लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. खरं तर धुळ्याशेजारच्या जळगाव जिल्ह्यात, अमळनेरला, 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभी आहे. म्हणजे प्रमाणविचार या खानदेशाला परका नव्हता. तो वर्गाबाहेर पडला नाही, एवढंच. आणि हा दोष शिकणाऱ्यांचा नाही, शिकवणाऱ्यांचा आहे.

‘तत्त्वज्ञान घेऊन पुढे काय करणार?’ असं या मुलांना घरीदारी विचारतात. त्या दिवशी त्या मुलीने काय केलं ते सांगतो. ग्रुपवर लिहिलं, ‘काका, हे तुम्ही स्वतः पाहिलंत का? नसेल तर कुणी पाहिलं?’ पाच मिनिटांत काकांनी व्हिडिओ काढून टाकला.

पेपर काढणाऱ्या प्राध्यापकांना हात जोडून विनंती आहे. यंदा शब्दप्रमाणाची व्याख्या विचारू नका. एक फॉरवर्ड जसाच्या तसा छापा आणि खाली विचारा, यात आप्त कोण?