चौतीस लाख एकर पोटखराबा

लातूरहून येणाऱ्या आईवडिलांना अमेरिकेत काय दाखवावं, या प्रश्नाचं उत्तर 'वाळवंट' असू शकतं, हे माझ्या नवऱ्याखेरीज कोणालाही सुचलं नसतं. इथे फ्रीमाँटमधले लोक आपापल्या पालकांना नायगारा दाखवतात, डिस्नेलँड दाखवतात, अगदीच वेळ नसला तर सॅन फ्रान्सिस्कोचा तांबडा पूल तरी. परत गेल्यावर भिशीत सांगता येईल असं काहीतरी. आमच्याकडे मात्र सप्टेंबरातल्या एका रविवारी व्हिडिओ कॉलवर जाहीर झालं, की मार्चमध्ये मुलीच्या शाळेला सुट्टी लागली की पाचही जणांनी मोटारहोम भाड्याने घ्यायचं आणि डेथ व्हॅली, झायन, ग्रँड कॅन्यन, जोशुआ ट्री असा जवळजवळ दोन हजार मैलांचा फेरा मारायचा.

सासूबाई बराच वेळ गप्प. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग आवाज आला, "ऊन बघायला तिकडं कशाला जायलास बाबा? इथं काय कमी पडलंय?"

नवऱ्याने आकडे बाहेर काढले. अडचणीत आला की तो आकडे काढतो. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक इथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि अधिकृत जागतिक उच्चांक म्हणून आजही तोच आकडा धरला जातो. तिथलं बॅडवॉटर हे ठिकाण समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली आहे. वर्षाचा पाऊस सरासरी दोन इंच.

सासरे, म्हणजे नाना, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. छप्पन अंशांनी ते जागचे हलले नाहीत. दोन इंचांवर मात्र चष्मा कपाळावर गेला.

"दोन इंच? मग टँकर कुठून येतो?"

टँकर येत नाही, तिथे शेतीच नाही, हे त्यांना पटवायला वेळ लागला. जमीन किती, असं त्यांनी विचारलं. चौतीस लाख एकर. त्यात पिकतं किती? काही नाही. मग सातबाऱ्यावर काय लावलंय? नवऱ्याने सांगितलं, की डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री या दोन्ही जागांना ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी एकाच कायद्याने राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि ती रिकामी जागा रिकामीच राहावी हाच त्या कायद्याचा हेतू. नाना थोडा वेळ विचारात पडले. "चौतीस लाख एकर पोटखराबा," ते म्हणाले, "आणि तो बघायला तिकीट." मला यात कायद्याचा अपमान दिसला नाही. उलट इतक्या मोठ्या पोटखराब्यावर एकाही पुढाऱ्याने अजून प्लॉटिंग केलेलं नाही, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलेलं होतं.

वाळूच्या टेकड्यांचा फोटो दाखवला तेव्हा तर प्रकरण हातचं जाणार होतं. मेस्किट फ्लॅट नावाच्या त्या टेकड्यांच्या पायथ्याशी काटेरी झुडपं दिसत होती. नानांनी फोटो मोठा करायला लावला. "ही तर वेडी बाभूळ!" बरोबर होतं. तिथलं मेस्किट हे आपल्या बांधावरच्या वेड्या बाभळीचंच भावंड. वेडी बाभूळ मूळची अमेरिकेकडचीच. तेरा हजार किलोमीटर जाऊन वेडी बाभूळ बघायची, यावर सासूबाईंनी जो सुस्कारा सोडला तो मला फ्रीमाँटला स्पष्ट ऐकू आला. बाजू सावरायला मी सांगितलं, की टिंबिशा शोशोनी लोक शेकडो वर्षं त्या दरीत राहत आलेत आणि याच झाडाच्या शेंगा कुटून त्याचं पीठ करत. उद्यान करताना सरकारने त्यांना बाजूला सारलं आणि २००० साली कायदा करून त्यांच्या जमिनीचा काही भाग परत केला. "म्हणजे माणसं राहतात तिथं," सासूबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा सैल झाला. जिथे कोणीतरी पीठ करतं त्या गावाला जायला त्यांची हरकत नव्हती. शिवाय मार्चमधल्या दुपारी तिथे अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं, म्हणजे लातूरपेक्षा गार, हे कळल्यावर त्यांनी उलट विचारलं, "स्वेटर किती आणू?" प्रश्न रास्त होता. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सात हजार फुटांवर आहे आणि मार्चमध्ये तिथे बर्फही पडतो.

मग गाडी. मोटारहोमचे तीन वर्ग असतात, ए, बी आणि सी. ए सर्वांत मोठा, बसएवढा. सर्वांत लहान मात्र सी नसून बी, आणि सी मधला. ज्याने हे ठरवलं त्याला नगरविकास खात्यात सहज नोकरी मिळाली असती. आम्ही सी वर्ग घेतला. यात ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा पुढे आलेला असतो. लांबी पंचवीस फुटांच्या आत हवी, यावर नवरा अडून बसला, कारण डेथ व्हॅलीतल्या आर्टिस्ट्स ड्राइव्हवर त्यापेक्षा लांब गाडीला मज्जाव आहे, जोशुआ ट्रीतल्या काही तळांवरही तसंच. झायनमधला १९३० सालचा तो मैलभराहून लांब बोगदा तर अशा गाड्यांच्या उंचीसाठी खोदलेलाच नाही. तो रस्ता त्याने नकाशावर आधीच खोडून टाकला. हे सगळं सांगताना त्याचा चेहरा ट्रक चालवत आयुष्य काढलेल्या माणसासारखा गंभीर होता. आजवर त्याने चालवलेलं सर्वांत मोठं वाहन म्हणजे आमची घरची गाडी, तीही मागे घेताना मला खाली उतरवून.

एवढी गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते. नानांनी कागदावर मांडलं आणि साडेआठशे लिटर पेट्रोल असा आकडा वाचून कागद उलटा ठेवला.

जाहिरातीत लिहिलं होतं, सहा जणांची झोपायची सोय. सोय होतीच. मागे एक पलंग, तो आईनानांचा, कारण गुडघे. माळ्यावर मुलगी. राहिलो आम्ही दोघं, तर आमचा पलंग म्हणजे जेवणाचं टेबल. टेबल खाली उतरवायचं, दोन्ही बाकांच्या मध्ये बसवायचं, वर गाद्या लावायच्या. पाय शेगडीकडे. चित्र बघून मी इतकंच विचारलं, की आई पहाटे चहाला उठतात. नवरा म्हणाला, मग? मग काही नाही. सासूबाई पहाटे साडेचारला उठतात, आधण ठेवतात, आणि चहा नाना टेबलावर बसूनच घेतात. पाय वर घेऊन किंवा मांडी घालून, कसेही, पण टेबलावर. जिथे मी झोपलेली असेन. या मुद्द्यावर नवऱ्याच्या एक्सेलमध्ये रकाना नव्हता. मी तो घातला, नवऱ्याने तो काढला, मी पुन्हा घातला.

करारपत्र स्वतंत्र लेख मागतं, पण ते थोडक्यात आटोपते. जनरेटरचे तासाप्रमाणे पैसे वेगळे, ठरलेल्या मैलांच्या पुढचे वेगळे, अंथरूण-पांघरूण वेगळं, स्वयंपाकाची भांडी वेगळी. "पातेल्याला भाडं?" सासूबाईंनी विचारलं, आणि त्या रात्री लातूरच्या बॅगेत एक पातेलं, एक तवा आणि उलथनं गेलं.

खरी चर्चा झाली ती पाण्यावर. गाडीत तीन टाक्या. एक स्वच्छ पाण्याची, साधारण चाळीस गॅलन, म्हणजे दीडशे लिटर. दुसरी आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची. तिसरी संडासाची. जिथे हूकअप असतो, म्हणजे नळ, वीज आणि सांडपाण्याची जोडणी, तिथे चिंता नाही. पण जोशुआ ट्रीच्या तळांवर हूकअप नसतात, आणि बहुतेक तळांवर नळसुद्धा नाही. तेवढे दिवस दीडशे लिटरमध्ये पाच माणसं. नवऱ्याने हे अशा सुरात सांगितलं, की जणू चंद्रावर उतरायचंय. शॉवर मिनिटाला दोन गॅलन, भांडी अमुक, हात धुणं तमुक. आमची कन्या केस धुवायला वीस मिनिटं घेते, म्हणजे एका केसांत एक टाकी. एक्सेल लालभडक झालं.

पलीकडून सासूबाईंनी विचारलं, "दीडशे लिटर एकदम? आणि नळ कधी येणार?"

"दोन दिवसांनी."

"दोन दिवसांनी!" त्यांच्या आवाजात लोभ होता.

हे ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा लातूरला पाणी रेल्वेने आलं. मिरजेहून, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. नाना ती गाडी बघायला स्टेशनवर गेले होते. खात्यातला माणूस म्हणून त्यांना त्या दिवशी जे वाटलं ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी त्या उन्हाळ्यात जे केलं त्यापुढे मोटारहोमची माहितीपत्रकं बालवर्गातली वाटतात. भांडी आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत. आंघोळ अर्ध्या बादलीत, म्हणजे माणशी आठ लिटर. पाच जणांचे चाळीस. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि जाहीर केलं, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोडं पाणी उरेल, त्यात नानांचे दोन शर्ट निघतील. एक्सेल हिरवं झालं. मुलीचे केस लास वेगासला हॉटेलात धुवायचे, असा ठराव एकमताने मंजूर. त्या वेळी ती खोलीत नव्हती.

एक गोष्ट मात्र त्यांना रुचली नाही. वापरलेलं पाणी वाळवंटात ओतायचं नाही. गाडीतच साठवून ठरलेल्या जागी रिकामं करायचं. "एवढ्या कोरड्या मातीत झाडाला दोन तांबे घातले तर काय होतं?" नियम आहे, म्हटलं. साबण असतो, उष्टं असतं, प्राणी येतात. "मग खरकटं पाणी घेऊन हिंडायचं?" हिंडायचं. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, म्हणजे तीन सासूबाई. हा हिशेब मी केला, पण बोलले नाही.

टाक्या रिकाम्या करायचं काम कोण करणार, यावर आमच्याकडे शांतता पसरली असती, पण नाना होते. नवऱ्याने मान खाली घालून प्रक्रिया वाचून दाखवली: हातमोजे, जाड पाइप, आधी संडासाची टाकी, नंतर आंघोळीची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो.

"म्हणजे टेलपासून हेडकडं," नाना म्हणाले. त्यांच्या कालव्यांवर पाणी सोडायचा नियम हाच. शेवटच्या शेतकऱ्याला आधी. "व्हॉल्व्ह अर्धा उघडायचा नाही. एकदम पूर्ण. नाहीतर गाळ बसतो. आणि पाइपला उतार द्या, पोटात पाणी राहता कामा नये." यातला प्रत्येक शब्द माहितीपत्रकात होता. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी त्यांना आवर्तन सोडायला मिळत होतं. त्यांनी खात्याची जुनी टोपी बॅगेत टाकायला सांगितली.

जेवणाचा प्रश्न सुटायला पाच मिनिटंही लागली नाहीत. दोन बर्नरच्या शेगडीवर धुराची घंटी असते आणि तिला मोहरीची फोडणी म्हणजे आग वाटते. तेव्हा फोडणी बंद. सासूबाईंनी धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि येसर असा बेत सांगितला. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाल्याची ही पूड उकळत्या पाण्यात पडली की आमटी तयार. अमेरिकन दुकानांत कॅम्पिंगच्या नावाखाली चकचकीत पुड्यांत जे जेवण मिळतं, ते मी एकदा खाल्लंय. मराठवाड्याने हा धंदा हातातून घालवला, एवढंच म्हणेन.

वेळेचा घोळ वेगळाच. युटा कॅलिफोर्नियापेक्षा तासभर पुढे. ॲरिझोना उन्हाळ्यासाठी घड्याळ बदलत नाही, म्हणून तिथे तास मागे. पण ॲरिझोनातलंच नवाहो नेशन बदलतं, म्हणून तिथे पुन्हा तास पुढे. नवाहोंच्या वेढ्यात असलेले होपी लोक बदलत नाहीत. झायनहून ग्रँड कॅन्यनला जाताना एका दिवसात काटे मागे, पुढे, परत मागे. नानांच्या रक्तदाबाच्या गोळीचं काय, या काळजीने नवऱ्याने रंगीत तक्ता केला. नाना म्हणाले, घड्याळ मी लातूरच्याच वेळेवर ठेवणार आहे, गोळी त्यावर घेईन. तक्ता फुकट गेला.

राहिलं आरक्षण. फर्नेस क्रीकच्या तळावर हूकअप असलेल्या जागा फक्त अठरा. आरक्षण सहा महिने आधी उघडतं, सकाळी सातला, आणि मार्चच्या तारखा काही मिनिटांत संपतात. आम्ही दोघं दोन लॅपटॉप घेऊन बसलो, सात वाजले, आणि जागा आमच्या डोळ्यांसमोर राखाडी होत गेल्या. दुसऱ्या सकाळीही तेच. तेव्हा सासूबाईंनी कॉलमध्ये चुलत दीर बालाजी भावजींना घेतलं. औसा रोडला त्यांचं ई-सेवा केंद्र आहे. लातूर-मुंबई एक्सप्रेसची तत्काळ तिकिटं काढण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही. इथे सकाळचे सात म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेसात, दुकान आवरायची वेळ. "दादा, तुम्ही सातला शोधत बसता," ते म्हणाले. "सातला फक्त दाबायचं असतं. लॉगिन द्या."

सात वाजून एक मिनिटाने व्हॉट्सॲपवर पावती आली. फर्नेस क्रीक, पूर्ण हूकअप, सावलीची जागा. खाली मेसेज: "वहिनी, सेवाशुल्क पन्नास रुपये, नानांकडून घेतो. ग्रँड कॅन्यनचं कधी उघडतंय ते आधी सांगा, सोमवारी उत्पन्नाच्या दाखल्यांची गर्दी असते."