खिडकीतलं चित्र हलू द्या

बंगळूरमधल्या यशवंतपूरच्या बाजार समितीत सकाळी सातला जाऊन उभे राहा. नाशिककडून, नगरकडून रात्रभर धावत आलेले ट्रक रांगेत लागलेले असतात. चाळीत चार-चार महिने राखलेला उन्हाळ कांदा गोण्यांतून खाली उतरत असतो. ड्रायव्हर मराठीत बोलतो, अडत्या कन्नडात, हमाल तमिळात, आणि भांडण पेटलं की मध्ये पडणारा चहावाला दखनीत. "अब्बीच!" असं तो ओरडतो तेव्हा मला घरचं कुणी भेटल्यासारखं होतं, कारण दखनीतला हा ठासून बोलणारा 'च' मराठीतूनच तिकडे गेलेला आहे. वजनावरून वाद, वाराईवरून वाद, भिजलेल्या गोणीवरून वाद. चार भाषांमध्ये एकमेकांचे बाप निघतात आणि पाच मिनिटांनी त्याच चौघांचा चहा एका ठिकाणी होतो.

मी या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर राहते. दर वेळी एकच वाटतं, की याची मालिका कुणीतरी काढावी. काढावी म्हणजे खरोखर काढावी, रेषेनं. आणि मोठ्यांसाठी.

इथेच घोडं पेंड खातं. आपल्याकडे कार्टून म्हणजे पोरानं घास गिळावा म्हणून लावून द्यायची गोष्ट.

आमच्या शेजारचा सहा वर्षांचा मुलगा शिनचान बघत वरणभात खातो. या शिनचानचा जन्म जपानमध्ये १९९० साली झाला, तो मोठ्या माणसांच्या चित्रकथांच्या साप्ताहिकात. योशितो उसुई या चित्रकारानं दमलेला नोकरदार बाप काढला, त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज ठेवलं, पैसे जपून जपून वैतागलेली आई काढली, आणि त्या दोघांचं सगळं झाकलेलं चारचौघांत उघडं करणारं एक पोर काढलं. ती आईबापांची गोष्ट होती. आपण ती लहान मुलांच्या वाहिनीवर लावली, मग मुलं बिघडतात म्हणून बोंब मारली, आणि २००८ मध्ये सरकारनं तिच्यावर बंदी घातली. पुढे काटछाट होऊन ती परत आली. मोठ्यांचा माल लहानांच्या दुकानात आपणच मांडला आणि शिक्षा मालाला दिली!

मराठी माणसाला चित्रातला मोठ्यांचा विनोद कळत नाही, असं मला कुणी सांगू नये. मधुकर पाटकरांनी १९५१ साली 'आवाज' दिवाळी अंक सुरू केला. त्याच्या खिडक्या आठवा. कापलेल्या पानातून एक चित्र दिसायचं आणि मनात नको तो संशय यायचा. झडप उलटली की खाली भलतंच निरागस काहीतरी निघायचं. चोर चित्रात नसायचा, बघणाऱ्याच्या मनात असायचा. आमच्याकडे तो अंक कपाटाच्या वरच्या फळीवर असे आणि घरातली सगळी मोठी माणसं तो आळीपाळीनं, एकमेकांच्या नकळत, खाली काढत. ती खिडकी म्हणजे दोन चौकटींचं ॲनिमेशन होतं. पहिली चौकट फसवते, दुसरी पकडते. प्रौढांच्या व्यंगचित्र-मालिकेचा सगळा प्राण एवढाच आहे, आणि तो आपल्या छापखान्यांनी सत्तर वर्षांपूर्वी ओळखला होता.

चित्र हलवणंही आपल्याला नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी शंभरावर वर्षांपूर्वी पडद्यावर आगकाड्या नाचवल्या. 'प्रभात'नं १९३४ साली 'जंबूकाका' हा कोल्हा पडद्यावर आणला. व्यंगाचं म्हणाल तर 'मार्मिक'चा पहिला अंक १३ ऑगस्ट १९६० ला निघाला. अमेरिकेत 'साउथ पार्क' ही मोठ्यांची व्यंगचित्र-मालिका सुरू झाली तीही १३ ऑगस्टलाच, पण १९९७ साली. तारखांचा हा योगायोग मला फार आवडतो. आपल्याकडे रेषा होती, तिखट जीभ होती, ऐकून घेणारा शहाणा प्रेक्षक होता. मग हलत्या चित्रांची जबाबदारी आपण बालवाडीवर का टाकली?

"बजेट नसतं हो." हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. 'साउथ पार्क'चा पहिला भाग ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनी कागद कापून, तुकडे हातानं सरकवत, एकेक चौकट टिपून केला. पुढे संगणक आला तरी कागदी कातरणाचं ते ओबडधोबड रूप त्यांनी मुद्दाम राखलं. बहुतेक भाग आठवड्याच्या आत लिहून, बोलून, हलवून प्रसारणाला जातात. सोमवारी घडलेलं बुधवारी पडद्यावर! माणसांची हनुवटी नीट हलते की नाही, हे तिथे कुणी बघत नाही. वाक्य बसतं का, एवढंच बघतात. कातर, गोंद आणि चांगला कान ही काही परदेशातून आणायची सामग्री नाही.

खरी वाण आहे ती लेखकांच्या खोलीची. सहा-सात जण एका टेबलाभोवती बसून एकाच पात्राच्या तोंडचं वाक्य दहा वेळा बदलतात, अशी खोली. 'द सिम्पसन्स' ही मालिका अशाच खोलीच्या बळावर १७ डिसेंबर १९८९ पासून चालू आहे. तिचं लेखन अमेरिकेत होतं आणि चित्रांचं बरंचसं हातकाम दक्षिण कोरियात. २०१० मध्ये याच मालिकेनं बँक्सी या चित्रकाराकडून आपल्या एका भागाची सुरुवात करून घेतली आणि तीत स्वतःचीच चित्रं रंगवणाऱ्या मजुरांची अंधारी कोठडी दाखवली. स्वतःच्या मालकावर असं बोट रोखणारी मालिका मी मराठीत कधी पाहणार?

कोरियासारखंच बंगळूरही गेली कित्येक वर्षं जगाच्या कार्टूनांचं हातकाम करतंय. ॲनिमेशनसाठी वेगळं धोरण आणलं ते कर्नाटकानं, २०१२ मध्ये. महाराष्ट्राचं धोरण २०२५ मध्ये आलं. पण त्याच २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा बडा जागतिक समूह कोसळला आणि त्याचा बंगळूरचा स्टुडिओ बंद पडला. परदेशी ससे, परदेशी पेंग्विन अप्रतिम हलवणारे हात एका आठवड्यात रिकामे झाले. स्वतःची गोष्ट नसलेल्या हातांचं असं होतं. त्या हातांना मराठीतली एक गोष्ट द्या, कन्नडातली द्या, दोन्ही मिसळून द्या!

आपण आपलं चित्र काढलं नाही तर दुसरा काढतो. 'सिम्पसन्स'मधला दुकानदार अपू घ्या. भारतीय माणूस, आणि आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेत त्याच आवाजात चिडवलं गेलं. हरी कोंडाबोलू या विनोदवीरानं २०१७ मध्ये त्यावर माहितीपट केला आणि २०२० मध्ये अझारियानं तो आवाज सोडला. तक्रार रास्त होती, मी तिच्या बाजूनं आहे. पण अपूच्या तोडीचा, अपूइतका लक्षात राहणारा आपला दुकानदार आपण आजवर काढलेला नाही, हेही मला तितकंच लागतं.

व्यंग काढायची भीती मला कळते. व्यंगचित्रांसाठी असीम त्रिवेदीला २०१२ मध्ये मुंबईत अटक झाली, राजद्रोहाचं कलम लागलं, ते सरकारला मागे घ्यावं लागलं. भावना दुखावण्याचा धंदा आपल्याकडे बारमाही आहे. पण २०२१ च्या नियमांनी ओटीटीवर फक्त प्रौढांसाठीचा वेगळा वर्ग ठेवलेला आहे. दार आहे, पाटी आहे, कुलूप आहे. आत ठेवायला माल नाही. 'प्रौढ' या शब्दाचा अर्थ शिव्या आणि अंथरूण एवढाच घेणाऱ्यांशी माझं भांडण आहे. घराचा हप्ता, आईचं आजारपण, जातीची कुजबुज, नवऱ्याच्या बढतीत बायकोची बदली, हे सगळं प्रौढांचंच असतं. नटाला साडी नेसवून हशा काढणाऱ्या कार्यक्रमांना हे पेलत नाही. तिथे नटाची ओळख आधी येते आणि माणूस नंतर. रेषेला तो अडसर नाही. रेषेतल्या माणसाचं वय वाढत नाही, तो पक्षात जात नाही, निवडणूक लढवत नाही.

बाजारातल्या या मालिकेची पात्रं सांगू? नाशिकचा ट्रक ड्रायव्हर, ज्याला भाव पडला की रडू येतं आणि चढला की चोर म्हणून शिव्या खाव्या लागतात. अडत्याची मुलगी, बाजूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत पीएचडी करणारी, जिला बाप अजून हिशेबाला बसवतो. सँडल सोपच्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका, ज्यांच्या मते सगळं शहर १९८० मध्ये छान होतं. आणि एक कांदा. तो बोलतो. त्याला सगळ्यांचं खरं माहीत आहे, कारण त्याला कापताना प्रत्येक जण रडलेला आहे.

पहिला भाग यशवंतपूर स्टेशनवर सुरू करा. पंढरपूरची गाडी फलाटाला लागलेली आहे. डोक्यावर तुळस घेतलेल्या आजी आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला मुलगा एकाच बर्थवर हक्क सांगतायत. तिकीट तपासनीस दोघांनाही कन्नडात विचारतो. आजी मराठीत उत्तर देतात, मुलगा इंग्रजीत. वरच्या बर्थवरून कुणीतरी दखनीत म्हणतं, "दोनोंच बैठो!" आणि आजींच्या पिशवीतला कांदा पहिल्यांदा तोंड उघडतो.