चौथ्या वर्षाचं चौथ्या वर्षी बघू

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या कुठल्याही संघाच्या कचेरीत हा गृहस्थ सापडतो. हुद्दा जनरल मॅनेजर. वर्षातले अकरा महिने तो कमालीचा शहाणा असतो. तरुण पोरं घडवावीत, पैसा जपून वापरावा, अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं पत्रकारांपुढे न अडखळता बोलतो. मग जुलै उजाडतो, करार संपलेले खेळाडू बाजारात येतात, आणि एखादे सात फुटी पाय समोर आले की त्याला अंथरुणाचा साफ विसर पडतो.

त्याची आवड ठरलेली. नाव मोठं हवं, फोटो ओळखीचा हवा. वय तिशीपार असलं तरी बिघडत नाही. त्याला तो ‘अनुभव’ म्हणतो. ऑफिसातला आकडेमोड करणारा पोरगा लॅपटॉप उघडून आलेख दाखवतो. सत्ताविशीपर्यंत चढलेली रेघ तिशीनंतर उताराला लागलेली असते.

“सर, चौथ्या वर्षी हा पस्तिशीचा असेल.”

“म्हणजे अनुभव बघ किती होईल!”

“पण गुडघा?”

“गुडघ्यालाही अनुभव असतो.”

पोरगा लॅपटॉप मिटतो. मग संघाचे डॉक्टर एमआरआय घेऊन येतात. साहेब तो मान तिरकी करून बराच वेळ बघतात आणि विचारतात, “दुसरा गुडघा बरा आहे ना?” डॉक्टर नाइलाजाने हो म्हणतात. साहेबांच्या दृष्टीने वैद्यकीय तपासणी तिथे संपते.

एनबीएतला करार सहज मोडता येत नाही. पगार सहसा पूर्ण हमीचा. खेळाडू मैदानात धावला काय नि बाकावर बर्फ लावून बसला काय, चेक निघतोच. जुन्याच संघाशी करार केला तर पगार दरसाल आठ टक्क्यांपर्यंत चढवता येतो. उडी खाली येत जाते आणि रक्कम वर. शिवाय प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला सॅलरी कॅपची मर्यादा असते. एकाने त्यात जागा अडवली की चार धडधाकट पोरांना दार बंद.

हे सगळं साहेबांना पाठ असतं. तरीही २०१६ चा जुलै घडलाच. टीव्हीच्या नव्या करारामुळे कॅप एका वर्षात ७ कोटी डॉलरवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली आणि सगळ्यांच्या खिशात एकदम पैसे खुळखुळू लागले. न्यूयॉर्क निक्सनी जोआकिम नोआला घेतलं, लॉस एंजेलिस लेकर्सनी लुओल डेंगला. दोघांचं वय ३१, दोघांनाही ४ वर्षं, दोघांनाही ७ कोटी २० लाख डॉलर. दोघेही शिकागोत टॉम थिबोडो या प्रशिक्षकाच्या हाताखाली राबलेले. हा प्रशिक्षक खेळाडूला बाकावर बसवायचा ते अगदीच नाइलाज झाला तर. आपण सेकंड हँड गाडी घेताना आधी मीटर बघतो. इथे हॉर्न वाजवून बघितला आणि सौदा केला.

दोन मोसमांत नोआ ५३ सामने खेळला, डेंग ५७. त्यातही डेंगच्या वाट्याला दुसऱ्या मोसमात एकच सामना आला. २०१८ च्या शरदात दोघांनाही निरोप देण्यात आला. पण नियमाप्रमाणे उरलेली रक्कम हप्त्यांत पसरवली गेली आणि ते हप्ते २०२२ पर्यंत दोन्ही संघांच्या हिशेबात मुक्कामाला राहिले.

हे निस्तरायला साहेब होते कुठे? लेकर्सचे मिच कपचॅक २०१७ च्या फेब्रुवारीतच गेले होते. वॉशिंग्टनचा किस्सा तर याहून सुरेख. तिथले साहेब एर्नी ग्रनफेल्ड यांनी २०१७ साली जॉन वॉल या खेळाडूला सुमारे १७ कोटी डॉलरची ४ वर्षांची मुदतवाढ दिली; ती लागू होणार होती २०१९ पासून. वॉल करार करताना म्हातारा नव्हता, करार सुरू व्हायच्या आत झाला. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या टाचेची शीर तुटल्याचं निघालं, एप्रिलमध्ये ग्रनफेल्ड यांना घरी पाठवलं, आणि मग यथावकाश करार सुरू झाला.

तेव्हा या गृहस्थाला मूर्ख समजू नये. त्याचा हिशेब पक्का असतो. मालकाला विजय याच वर्षी हवा. विजय मिळाला तर चौथ्या वर्षाची चौकशी कुणी करत नाही. नाही मिळाला तर तिसऱ्या वर्षी खुर्चीत दुसराच कुणीतरी असतो, आणि कपाळाला हात लावायचं काम त्याचं.

फारच खोदून विचारलं तर साहेब दोन नावं सांगतात. पहिलं कोबी ब्रायंट. टाचेच्या दुखापतीतून तो अजून मैदानात परतलाही नव्हता, तेव्हा २०१३ साली लेकर्सनी त्याला २ वर्षांसाठी ४ कोटी ८५ लाख दिले. शेवटच्या सामन्यात पठ्ठ्याने ६० गुण केले की नाही? केले. त्याच मोसमात संघ ८२ पैकी ६५ सामने हरला, हे मात्र साहेबांसमोर काढायचं नसतं. दुसरं नाव क्रिस पॉल. २०१८ मध्ये ह्यूस्टनने त्याला तेहतिसाव्या वर्षी ४ वर्षांचे १६ कोटी दिले, लोक हसले. त्याच कराराच्या तिसऱ्या वर्षी, २०२१ मध्ये, पॉल संघाला घेऊन अंतिम फेरीत पोचला. फक्त तो संघ फिनिक्सचा होता. ह्यूस्टनने घाबरून त्याला पहिल्याच वर्षानंतर ओक्लाहोमाला देऊन टाकलं होतं आणि वर ड्राफ्टमधले, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे, हक्कही दिले होते; तिथून तो फिनिक्सला गेला.

राहिला न्यूयॉर्कचा नोआ. त्याच्याशी करार करणारे अध्यक्ष होते फिल जॅक्सन, प्रशिक्षक म्हणून ११ विजेतेपदं मिळवलेले. निक्सनी त्यांना २०१४ साली आणलं तेव्हा त्यांचं वय ६८. करार ५ वर्षांचा, ६ कोटी डॉलरचा. तीन मोसमांत संघ एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पोचला नाही. २०१७ च्या जूनमध्ये जॅक्सन गेले, तेव्हा कराराची २ वर्षं शिल्लक होती आणि पगार अर्थातच हमीचा. मोठं नाव, उतरतं वय, लांबलचक मुदत, सगळं कसं नियमाप्रमाणे. फक्त या करारापूर्वी निक्सनी एमआरआयदेखील मागितला नव्हता.